समोरच्या मॅडमची हजेरीवही

जगात काहीही हरवत नाही, ते फक्त दुसरीकडे गेलेलं असतं, असं छातीठोकपणे सांगणारी एकच व्यक्ती मला भेटली: ऐरोलीच्या आमच्या जुन्या बिल्डिंगमधल्या, समोरच्या दारातल्या मॅडम. आयुष्यभर त्यांनी प्रयोगशाळेत भात आणि ज्वारीची जनुकं शेजारी शेजारी मांडून पाहिली. कोट्यवधी वर्षांपूर्वी वेगळी झालेली ही भावंडं, तरी दोघांत जनुकांची रांग बरीचशी तीच. मध्येच एखादं जनुक मात्र जागेवर नसतं. ते उठून कुठल्या भलत्याच रांगेत जाऊन बसलंय, हे शोधण्यात बाईंचे केस पांढरे झाले आणि संसार करायचा राहूनच गेला. निवृत्तीनंतर प्रयोगशाळा सुटली, खोड सुटली नाही. त्यांनी आमच्या सेक्टरचीच हजेरीवही घातली. ओळीने दुकानं, घरं, आणि जो हलला त्याचा नवा पत्ता. आईचे दोन ब्लाउज घेऊन टेलर गाळा सोडून गेला, तेव्हा आम्ही ब्लाउजांवर पाणी सोडलं होतं. मॅडमनी आठ दिवसांत त्याला पार नावडे गावात गाठलं. ब्लाउज शिवून तयार होते.

"जागा बदलली की काही जनुकं गप्प होतात," त्या आईला सांगत होत्या, "काही तिथंही काम करत राहतात." आई बाही उलटून शिवण बघत होती.

मग बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली. तोवर आईच्या डोळ्यांत रोज सकाळी आठला समोरून येऊन मॅडमच औषधाचे थेंब घालायच्या. मी बाटली घेतली की तिचा डोळा उघडतच नसे. नव्या टॉवरच्या चिठ्ठ्यांत आम्हाला सतरावा मजला आला, मॅडमना तिसरा. दोन्ही घरं एकाच मजल्यावर द्या म्हणून आईने सोसायटीच्या सेक्रेटरींना गाठलं. ते मूळचे जासई गावचे. "चिठ्ठी हाय ती, आजी. माझ्या हातात काय नाय," ते म्हणाले. आई दोन दिवस धड जेवली नाही.

राहायला गेलो त्याच्या दुसऱ्याच दिवशी आठला बेल वाजली. तेव्हापासून ती रोज वाजते. लिफ्ट बंद होती त्या दिवशी नऊला वाजली, आणि मॅडमना पंधरा मिनिटं बोलता येत नव्हतं.

परवा त्या वही आमच्याकडे विसरल्या. मी आईला वाचून दाखवली. जुन्या मजल्याच्या पानावर ४०२च्या, म्हणजे आमच्या, पुढे लिहिलं होतं: "आता १७०३. काम चालू."

"आणि ४०१?" आईने विचारलं.

ते मॅडमचं घर. पुढची जागा कोरी होती. अख्ख्या सेक्टरचा ठावठिकाणा ठेवणाऱ्या या बाईंची नोंद कुणीच ठेवली नव्हती, आम्हीही नाही, याचं मला फार वाईट वाटलं.

"पेन घे," आई म्हणाली. "लिही, रोज आठला आमच्याकडे."