उतरता सूर

सनईच्या जोडीत दोघे असतात. एक वाजवणारा, ज्याला लोक वाहवा देतात. आणि दुसरा सूर धरणारा, ज्याला लोक पंगतीत वाढायचंसुद्धा विसरतात. मी तो दुसरा. माझ्या सनईची भोकं मेणानं बुजवलेली. गाल बेडकासारखे फुगवायचे, नाकानं श्वास ओढत राहायचं आणि वरात निघेपर्यंत एकच सूर सोडत बसायचं. बायको म्हणायची, "मांडवात तोंड बांधल्यालं असतंय, मग घरी येऊन टकळी थांबत न्हाई ह्यांची."

वाजवणारा माझा थोरला भाऊ. अंबाजोगाईपासून मांजरसुंब्यापर्यंत पाटील-देशमुखांची लग्नं त्याच्या सनईवाचून लागत नसत.

एकदा उमापूरच्या मांडवात मी खोडी काढली. ऐन रंगात सूर तोडला आणि साळसूदपणे आभाळाकडं बघत बसलो. दादा आधीसारखंच, तितकंच बरोबर वाजवत होता; पण माणसं चुळबुळू लागली. पाहुणे म्हणून आलेले तहसीलदारसाहेब शेजाऱ्याला म्हणाले, "क्यूं जी, शहनाईवाला बिगड गया क्या?" मला हसू आवरेना.

परतीच्या वाटेवर दादानं आधी पाठीत धपाटा घातला, मग समजावलं. तो उंच, मी बुटका. म्हणाला, "खाली बघ. माझी दोन पावलं पडत्यात तवर तुझी तीन पडत्यात. पर मधूनमधून दोघांचं पाऊल संगंच पडतंय का न्हाई? सुरांचंबी तसंच. वरचेवर भेट झाली की कानाला गोड लागतंय."

"आन् भेटच न्हाई झाली तर?"

"बेसूर. आन् अगदी खेटून असल्याले दोन सूर तर सगळ्यात वंगाळ. एकमेकाला खरवडत्यात. आपली भावकी बघ की बे!"

पुढं दादाच्या छातीत दमा बसला. हकीमसाहेबांनी फुंकणं बंद करायला सांगितलं. दादानं आपली सनई माझ्या हातात दिली आणि सूर धरायला दुसरा गडी बघ म्हणाला. पण त्याच साली त्याच्या एकुलत्या एक लेकीचं लग्न ठरलं आणि तो हट्टाला पेटला.

"तिच्या पाठवणीला सूर मीच धरणार."

"दादा, दम पुरायचा न्हाई तुला."

"तू वाजव गप. लेक माझी हाय. माझ्या फुंकेवर मांडवाभाईर पडू दे तिला."

वहिनीनं मला बाजूला घेतलं. "भावजी, पाठवणीत सूर तुटला तर लोक अपशकुन म्हणतील. पोरीच्या मनाला लागंल. तुमी सांभाळा."

सांभाळा! मी काय त्याच्या छातीत शिरून श्वास घेणार होतो?

पाठवणीची वेळ झाली. लेक एकेकीच्या गळ्यात पडत गाडीकडं निघाली, आणि दादाचा सूर खाली सरकू लागला. जू मानेवर असताना बैल गुडघ्यात वाकावा तसा वाकत गेला. मी माझ्या जागी राहिलो असतो तर सगळ्या मांडवाच्या कानात काटा टोचला असता. मी ओठ सैल सोडले. माझी सनईही थोडी उतरली. तो आणखी खाली गेला, मीही गेलो. दोघांतलं अंतर तेवढंच राखलं. तेव्हा मला दादाचं ते बोलणं खरं समजलं. सूर किती उंचावर आहेत याची कानाला फिकीर नसते. त्यांची भेट होते आहे ना, एवढंच तो बघतो.

एक म्हातारी डोळे पुसत म्हणाली, "असं वाजवल्यालं कवाच ऐकलं न्हाई बाई." गाडी वळणाआड गेली तेव्हा आम्ही सुरुवातीच्या कितीतरी खाली येऊन पोचलो होतो. मग दादाच्या ओठांतून सनई निसटली. मीही थांबलो.

"उतरला व्हता ना रं?" धाप लागली असताना त्यानं विचारलं.

"न्हाई दादा."

"खोटं बोलतूस. मला ऐकू येत व्हतं." आणि बराच वेळ माझं मनगट धरून बसला.

थंडी पडली आणि तो गेला. लेक दहाव्याला आली. रडून रडून तिचा आवाज बसला होता. माझ्याजवळ येऊन म्हणाली, "काका, त्या दिवशी आबांचा सूर जरासुदिक हालला न्हाई. गाडीत बसूस्तोवर ऐकत व्हते मी."

 

"न्हाई हालला, पोरी," मी म्हणालो.