एक टोक उचललेलं

माझी बायको कौसा कुणाच्याही उभ्या गाडीला दाबून बघायची. जीप असो, पिकअप असो, लग्नातली फुलं लावलेली मोटार असो. पदर खोचायची, गाडीच्या कोपऱ्यावर दोन्ही तळहात ठेवायची आणि अंगाचा सगळा भार टाकायची. मग हात काढून, मान तिरकी करून बघत राहायची. लातूरला एकदा कुणा साहेबाच्या गाडीला असं दाबलं. ड्रायव्हर चहा टाकून धावत आला.

"ओ मावशी, काय करून राहिल्या?"

"तुझ्या साहेबाची कंबर बघून राहिले. डावीकडचा शॉकअप मेलाय बाबा."

मी लांब जाऊन पानटपरीशी उभा राहिलो. ही बाई आपली कुणी लागत नाही असं तोंड केलं. तिला त्याचं काही नव्हतं. ती म्हणायची, "दाबल्यावर खाली तर गाढवबी जातंय. वर कसं येतं ते बघावं."

नांदेडहून अर्धापूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमचं शॉकअप दुरुस्तीचं दुकान. शॉकअप म्हणजे एक नळी, नळीत तेल, तेलात दांडी आणि दांडीच्या टोकाला भोकं पाडलेला दट्ट्या. गाडीला खड्डा लागला की स्प्रिंग तिला नाचवते. दट्ट्या तेलातून जाताना अडखळतो आणि ते नाचणं थांबवतो. एवढंच आहे. मी चौथी शिकलो, ती तेवढीही नाही. पण मी शॉकअप उघडायचो तो दुरुस्त करायला, आणि ती उघडायची ती आत काय झालंय ते बघायला. दुरुस्त झाल्यावरही तिचं बघणं संपायचं नाही. गिऱ्हाईक ओरडायचं, "काकू, द्या आता, भाडं चाललंय." ही म्हणायची, "थांब रे, ह्याला एकाच अंगानं का झिजलं ते कळू दे."

तिचं माहेर किल्लारीकडचं. लोक म्हणायचे, भूकंपातून आलेली बाई आहे, म्हणून हादऱ्याचं वेड लागलंय. त्यावर तिचं उत्तर ठरलेलं, "काई संबंध न्हाई. भूकंपाला शॉकअप लागत न्हाई." वेड आलं होतं बापाकडून. तिचा बाप शेतावरच्या पंपांचा उस्ताद. पोरगा हुंदडत राहिला, म्हणून त्यानं हुनर पोरीला दिलं. आणि हुनराबरोबर उस्तादांची जुनी रीतही दिली. शागिर्दाला सगळं शिकवावं, पण एक गोष्ट मुठीत ठेवावी. सगळी मूठ उघडली की उस्तादाला कुणी विचारत नाही. कौसानं ही रीत देवाच्या दिव्यासारखी सांभाळली.

तिचा भाऊ माधव अर्धापूरहून पिकअपमध्ये केळी भरून न्यायचा. माल उतरवताना केळी काळी पडलेली निघायची. सगळे म्हणायचे, खालच्या घडांवर वजन पडतं म्हणून. कौसा एकदा मुद्दाम माल उतरवताना जाऊन बसली आणि एकेक घड उलटा करून बघितला. काळी होती ती वरची केळी. आल्यावर मला म्हणाली, "अहो, गाडी खड्ड्यात पडती तेव्हा केळं मरत न्हाई. गाडी खड्ड्यातून वर उडती आणि एकदम थांबती, तेव्हा मरतं."

म्हणलं, "मग शॉकअप कडक कर."

"कडक केला तर रिकामी गाडी येताना माधव मरंल."

त्यावर तिनं एक पितळी रिंग केली. बोटातल्या अंगठीएवढी, तिला तिरका काप. ती शॉकअपच्या दांडीवर बसवली. गाडी फार वर उडायला लागली की रिंग नळीतल्या अरुंद जागेत शिरायची, तेल कोंडायचं आणि गाडी धाडकन न थांबता हळू थांबायची. माधवच्या पिकअपला बसवून वरून झाळून टाकली, कुणी उघडू नये म्हणून. केळी पिवळीच्या पिवळी उतरली. माधव केळ्यांपेक्षा स्वतःवर खूश. "ताई, पाठीला आराम वाटतोय." ती म्हणाली, "तुझ्या पाठीसाठी न्हाई केलं रे."

आमच्या दुकानात कांबळे वकीलबाई गाडी दुरुस्तीला आणायच्या. वयानं आमच्या लेकीसारख्या. इंजिनियर झाल्या, मग वकिली केली आणि पेटंटचं काम करतात. त्यांनी रिंगेचं ऐकलं आणि म्हणाल्या, "मावशी, हे नवीन असेल तर तुमच्या नावावर नोंदवता येतं. नवीन आहे का, ते सरकारचे साहेब तपासतात."

कौसा नाव ऐकून खूश झाली नाही. तपासतात ऐकून झाली. "म्हंजे जगात कुणी आधी केलंय का, ते ते हुडकून सांगतात?"

"हो."

"फुकट?"

"फी असते मावशी."

"असू द्या. मला कळायला पायजे."

अर्ज गेला. लई काळ गेला आणि तपासणीचा अहवाल आला. साहेबाचं म्हणणं असं, की परदेशातल्या एका माणसानं फार वर्षांपूर्वी अशीच रिंग केली आहे. तिला काप नाही, पण काप देणं हे या धंद्यातल्या कुठल्याही जाणकाराला सहज सुचेल. सोबत त्या माणसाचं चित्र होतं. माझं डोकं फिरलं. म्हणलं, मी जन्मभर हा धंदा केला, मी जाणकार नाही तर कोण? मला कुठं सुचलं?

कौसा चित्र घेऊन उजेडात बसली. तिचं तोंड बघून वाटावं, माहेरचं माणूस भेटलंय. "अहो, बघा की. हात काय चांगला हाय ह्याचा. नळी कापून दाखवल्यासारखी काढलीय. कोण आसंल हो हा? जिवंत आसंल का?" मग वकीलबाईंना विचारलं, "आणि तो जाणकार कोण? कुठं ऱ्हातो?"

सुनावणी वकीलबाईंच्या नांदेडच्या ऑफिसात कॉम्प्युटरवर झाली. पडद्यावर साहेब, शांत माणूस, मधूनमधून पाणी प्यायचा. हिंदीत बोलत होता. वकीलबाईंनी आधीच बजावलं होतं, की मी विचारीन तेवढंच बोला. कौसानं नमस्कार केला आणि थेट विचारलं, "साहब, वो जानकार कौन है? उसको केले का टेम्पो दिखाये क्या?"

साहेब हसला नाही. नीट समजावून सांगितलं. म्हणाला, तो खरा माणूस नाही. कायद्यानं मानलेला आहे. त्याला धंद्यातलं सगळं येतं, आधीचं सगळं माहीत असतं, फक्त स्वतःहून नवीन काही सुचत नाही.

कौसानं माझ्याकडे बोट केलं. "फिर तो ये बैठे हैं, साहब."

आता साहेब हसला. वकीलबाई पण हसल्या. मी नाही हसलो.

मग साहेबानं तिला सरळ विचारलं, की बाई, त्या जुन्या रिंगेपेक्षा तुमची वेगळी कशात? नुसत्या कापानं काय होतं? कौसानं पदर खोचला, सोडला, परत खोचला. मला वाटलं घाबरली. ती घाबरली नव्हती, मूठ उघडायची का नाही ते ठरवत होती. मग म्हणाली, कापाची दोन टोकं एका पातळीत नसतात. एक टोक किंचित उचललेलं असतं. रिंग अरुंद जागेत शिरताना त्या फटीतून तेल निसटतं, आणि जोर वाढला की टोक दबून फट बंद होते. म्हणून गाडी हळू थांबते.

हे मीही पहिल्यांदाच ऐकत होतो. जन्मभर त्याच दुकानात, त्याच बाकड्यावर तिच्या शेजारी बसूनही.

साहेबानं पानं मागेपुढे केली. पुन्हा केली. म्हणाला, "ये तो अच्छा है. लेकिन ये आपने लिखा कहाँ है?"

वकीलबाईंनी कपाळाला हात लावला. अर्जात ते नव्हतंच. वकीलबाईंनी खोदून खोदून विचारलं होतं आणि कौसानं त्यांना काप सांगितला, टोक सांगितलं नाही. बापाची रीत. साहेब म्हणाला, दिलेल्या अर्जात नवीन गोष्ट घालता येत नाही. जे लिहिलंय त्यावरच निर्णय द्यावा लागेल. अर्ज नामंजूर झाला.

ऑटोत बसल्यावर मी साहेबाला शिव्या घातल्या. ती म्हणाली, "उगी बसा. साहेबाचं काय चुकलं? जे मी झाकलं ते त्याला दिसंल कसं? बाबाची मूठ पंपाला चालली. हितं न्हाई चालत." थोडं पुढं गेल्यावर म्हणाली, "त्या परदेशच्या माणसानं काईच झाकलं नव्हतं बघा. म्हणून तर मला कळला."

वकीलबाई म्हणाल्या, टोकाचं कुठं छापून आलेलं नाही, नवा अर्ज करू. तेवढ्यात कौसाच्या पोटात गाठ निघाली. लातूरच्या दवाखान्यात ठेवलं. डॉक्टरनं मला बाजूला घेऊन सांगितलं, आता फार दिवस धरू नका. तिनं माझ्या तोंडावरून ओळखलं आणि पहिलं वाक्य बोलली, "वकीलबाईला फोन लावा."

वकीलबाई नांदेडहून आल्या. खाटेशेजारी स्टुलावर बसून मराठीत लिहायला लागल्या. कौसा दम घेत घेत सांगत होती. टोक किती उचललेलं, कुठल्या अंगाला, पितळ किती तापवून वाकवायचं. सांगून समजेना तेव्हा पायातलं जोडवं काढून दाखवलं. "हे बघा. ह्याची टोकं एकमेकावर आलेली आस्त्यात. पाय टेकला की वरचं बसतं, पाय उचलला की उठतं. तेच हाय." जन्मभर तिच्या पायात होतं, आणि रिंगेचं टोक तिला त्यातून सुचलं हे मला त्या खाटेशी कळलं. म्हणलं, "कधी बोलली न्हाईस ते?" म्हणाली, "मुठीत होतं."

लिहून झाल्यावर वकीलबाई म्हणाल्या, कायदा सांगतो की नुसतं वाचून धंद्यातल्या जाणकाराला वस्तू बनवता आली पाहिजे. कौसाचे डोळे माझ्यावर आले. "मंग आपला जाणकार हाय की. ह्यांना द्या कागद. मी तोंडानं एक शब्द सांगणार न्हाई."

मी नांदेडला आलो. दुकान उघडलं. कागद समोर ठेवून, एकेक ओळ लावून रिंग बनवली आणि लातूरला घेऊन गेलो. तिनं बोटांनी चाचपली, काप नखानं दाबून बघितला. "उलटं टोक उचललंय तुम्ही."

म्हणलं, "चुकलो."

"तुम्ही न्हाई. कागद चुकला. बाई, तिथं लिवा, दट्ट्याकडचं टोक. नुसतं एक टोक लिवलं तर माणूस कसंबी करील."

वकीलबाईंनी वाक्य बदललं. मी परत गेलो, परत बनवली. या वेळी तिला बसायची ताकद नव्हती. रिंग तळहातावर ठेवली तर नखानं टोक दाबलं, सोडलं, परत दाबलं. वर येताना बघत होती. म्हणाली, "हाव. झालं." अर्ज त्याच आठवड्यात गेला. पंधरवड्यात ती गेली.

लोक मला विचारतात, पेटंट मिळालं का? नाही. तिचा दुसरा अर्ज छापून आला, जगात कुणालाही वाचता येतो, पण तपासणी अजून चालू आहे. मी दुकान चालवतो. भाकरी स्वतः थापतो, जाड होते. दुपारी शॉकअप उघडून बसतो आणि आत काहीतरी विचित्र दिसतं. एकाच अंगानं झिजलेला दट्ट्या, तेलात निळा गाळ. आधी मी पुसून टाकायचो. आता बघत बसतो. का झालं असेल? उत्तर येत नाही, पण दुपार जाते.

मागच्या महिन्यात वकीलबाईंचा फोन आला. आवाज वेगळाच. म्हणाल्या, "काका, परदेशातल्या कुठल्या तरी कंपनीनं उचललेल्या टोकाच्या रिंगेचा अर्ज केलाय. तिकडच्या साहेबानं त्यांना कळवलंय, की हे नवीन नाही. पुरावा म्हणून मावशींचा अर्ज लावलाय. मावशी त्यांच्या आडव्या आल्यात."

दुकानासमोर केळीचा टेम्पो उभा होता, ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. मी विचारलं, "तिकडच्या साहेबाला मराठी येतं का?"

"नाही हो काका. आपण इंग्रजी करून दिला होता ना."

"आणि कौसा त्याच्याशी कधी बोलली न्हाई."

"कसं बोलणार?"

"मंग नुसतं वाचून त्याला समजलं? टोक कुठलं, ते पण?"

"सगळं समजलं. दट्ट्याकडचं टोक, असंच लिहिलंय त्यानं."

म्हणलं, "मंग झालं तिचं काम." आणि फोन ठेवून टेम्पोकडं गेलो.