सोनीबायची गाडी आणि हवेत आवळलेले नट

"या गाडीत मी आता बसनार नाय," असं म्हणून सोनीबाय माझ्या गॅरेजच्या दारात एका जुन्या टायरवर बसली. हातात पानाची पिशवी, पाय लांब केलेले. त्या बसण्यावरूनच मला कळलं की हे प्रकरण चहावर मिटणारं नाही.

सोनीबाय म्हणजे धसईची धवलारीण. लग्नात विधींची गाणी, म्हणजे धवळे, म्हणणारी बाई. आमच्या भागात धवलारणीने सूर लावल्याशिवाय अजूनही हळद लागत नाही, मग नंतर डीजे कितीही मोठा येवो. त्या संध्याकाळी वाशिंदला हळद होती आणि नवरी माझी सख्खी भाची. म्हणजे धवलारीण माझ्या बहिणीने बोलावलेली, गाडी मी दुरुस्त केलेली, आणि अर्ध्या वाटेत शहापुरात माझ्याच दारात सगळं बंद पडलेलं. गाडी चालूच होती, बंद पडली होती ती सोनीबाय.

"दुसरी गाडी बोलावतो ना, बाय," मी म्हणालो.

"काचा लावून गार हवा सोडतात त्यात. मला मळमळतं. ठावं हाय ना तुला?"

ठाऊक होतं. ती फक्त तिच्या मुलाच्या, दामूच्या, जुन्या हॅचबॅकमध्ये बसते. पुढची सीट, काच उघडी, आणि वाटभर धवळ्यांचा सराव. माझी स्वतःची गाडी देता आली असती, पण मेकॅनिकची स्वतःची गाडी कधी चालू असते का? माझ्या गाडीचं इंजिन तेव्हा फळीवर होतं.

"किन्हवलीपर्यंत सोसलं," सोनीबाय म्हणाली. "कंबर मोडली माजी. आता मांडवात खाली बसून रातपर्यंत गायचं कसं, ते तूच सांग."

दामू खिशात हात घालून दुसरीकडे बघत होता, कारण तो चांगला मुलगा आहे आणि मी त्याच्यासमोर काय काय बोललो होतो ते सगळं मला आठवत होतं.

ते सांगायचं तर आधी बूश म्हणजे काय ते सांगायला हवं. गाडीचं पुढचं चाक एका लोखंडी हाताच्या आधाराने वर-खाली होतं. त्याला लोअर आर्म म्हणतात. तो गाडीला जिथे जोडलेला असतो तिथे बूश असतो. लोखंडी नळीच्या आत दुसरी नळी, आणि दोन्हींच्या मध्ये चिकटवलेलं रबर. रस्त्याचा धक्का हे रबर खातं. ते म्हातारं झालं की चिरतं, मग गाडी खडखडते आणि स्टिअरिंग आपल्या मनाने वागतं. दामूच्या गाडीला तेच झालं होतं. नवे रबरी बूश घालायचे आणि गाडी परत द्यायची, एवढंच काम होतं.

पण मी नुकताच मोबाईलवर व्हिडिओ बघून शहाणा झालो होतो. शिवाय गॅरेजवर 'सस्पेन्शन स्पेशालिस्ट' असा नवा बोर्ड लावला होता, आणि बोर्ड लावला की माणसाला त्याला जागावंसं वाटतं. मी दामूला म्हणालो, "रबर नको. अपग्रेड करू. युरेथेन घालू."

युरेथेन म्हणजे कडक, प्लास्टिकसारखं रबर. रेसच्या गाड्यांना घालतात. वळणावर गाडी तसूभर झुकत नाही.

"शेठ, मी जोरात चालवतच नाय," दामू म्हणाला. "आय ओरडते."

"तरी पण," मी म्हणालो. या 'तरी पण'चा अर्थ मला आजही सांगता येणार नाही.

युरेथेनला वेगळं ग्रीस लागतं. व्हिडिओत तेही सांगितलं होतं, पण माझ्याकडे नेहमीच्या ग्रीसचा डबा उघडा होता. थोड्याच दिवसांत प्रत्येक खड्ड्याला गाडी कुईं करायला लागली. सोनीबायने निरोप पाठवला, "मी सूर लावते तवा ही खालून येगळाच लावते." मी ओशाळलो. ते बूश काढून प्रेस मशीनने दाबून नवे रबरी बूश बसवले, अगदी चांगल्या प्रतीचे. काम माझ्या नव्या लिफ्टवर केलं. लिफ्ट म्हणजे दोन खांबांची ती यंत्रणा, गाडी डोक्यावर उचलून धरते. तिच्यावर काम करताना आपण डॉक्टर असल्यासारखं वाटतं. काम झाल्यावर गाडीचं नाक जरा वर आलेलं दिसलं. दामूने विचारलं तर मी अभिमानाने सांगितलं, "ग्राउंड क्लिअरन्स वाढला, आता खाली काही घासणार नाही."

आणि आता त्या वाढलेल्या क्लिअरन्समधून उतरून सोनीबाय टायरवर बसली होती.

तेवढ्यात बहिणीचा, शोभाचा फोन आला. "दादा, सोनीबाय कुठवर आली?"

"शहापूरला आहे."

"म्हणजे निघाली ना?"

"म्हणजे आहे."

शोभाला मी लहानपणापासून ओळखतो. तिचा आवाज खाली गेला की समजायचं. "नवऱ्याकडच्या बाया येऊन बसल्यात," ती हळू आवाजात म्हणाली. "कॉम्प्लेक्समधले सगळे बोलावलेत. धवळ्यांशिवाय हळद लावली तर जन्मभर ऐकवतील मला. गाडी तूच केलीस ना रे?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मामाने भाचीला दुसरं काही द्यायच्या आधी हे दिलं होतं.

मी गाडी लिफ्टवर घेतली. एकेक नट तपासला. सगळे घट्ट. आर्म हलवून बघितला, कुठे ढिलेपणा नाही. वर टांगलेल्या गाडीत दोष म्हणून सापडेना. खाली उतरवली, तर नाक पुन्हा वर. दोनदा वर केली, दोनदा खाली. सोनीबाय पान लावता लावता बघत होती. "पाळना करतोस काय तिचा?" तिने विचारलं.

शेवटी गाडी जमिनीवर असतानाच मी लांब दांड्याचा पाना घेऊन आडवा झालो आणि बाजूने हात घालून आर्मचा एक नट ढिला केला. टक् असा आवाज झाला आणि गाडीचा तो कोपरा खाली बसला. मीही तिथेच जमिनीवर बसलो.

लिफ्टवर गाडीची चाकं लोंबकळतात. आर्म खाली झुकलेला असतो. त्याच अवस्थेत मी नट आवळले, म्हणजे बूशमधलं रबर त्याच अवस्थेत पकडलं गेलं. गाडी जमिनीवर आली, आर्म वर गेला, आणि रबराला कायमचा पीळ बसला. पिळलेलं रबर धक्का काय खाणार? ते सगळं सोनीबायच्या कंबरेला पाठवत होतं. नट आवळायचे ते चाकं जमिनीवर टेकवून, गाडीचं वजन गाडीवर असताना. हे शिकाऊ पोरालाही सांगतात. मीच कित्येकांना सांगितलंय.

गंमत अशी की लिफ्ट नव्हती तेव्हा माझी ही चूक कधीच झाली नाही. तेव्हा गॅरेजमध्ये खड्डा होता. जॅक काढून गाडी चाकांवर खड्ड्यावर उभी करायची आणि खाली उतरून नट आवळायचे. दुसरी सोयच नव्हती, म्हणून काम बरोबर व्हायचं. लिफ्ट आल्यावर मी त्या खड्ड्यात जुने टायर भरून वर फळ्या टाकल्या होत्या.

दामूने आणि मी टायर उपसले. रबर अजून फाटलेलं नव्हतं, नशीब. गाडी खड्ड्यावर घेतली, सगळे नट ढिले केले, गाडी दाबून दाबून हलवली आणि मी सोनीबायकडे गेलो.

"बाय, आत बस."

"सांगितलं ना, नाय म्हनून."

"गाडी हलणार नाही. नुसती बस. रोज जशी बसतेस तशी. तुझं वजन पाहिजे मला."

"माजं वजन काढतोस?" असं म्हणत ती उठली. पुढच्या सीटवर बसली, पाय ताणले, पानाची पिशवी दाराच्या कप्प्यात ठेवली. दामू स्टिअरिंगवर बसला. एका माणसाच्या वजनाने फार फरक पडतो असं नाही, पण त्या दिवशी मला कसलीच जोखीम घ्यायची नव्हती. मी खड्ड्यात उतरलो. वरून तिने सहज गणपतीचा धवळा गुणगुणायला सुरुवात केली आणि मी खाली नट आवळत होतो. मध्येच ती थांबली.

"खाली कोन कुंथतंय?"

"मीच, बाय."

"सुरात कुंथ."

नट झाले. दामूने गॅरेजपुढच्या खडबडीत रस्त्यावर एक फेरी मारली. गाडी परत आली तेव्हा सोनीबाय उतरली नाही. मागच्या दाराकडे बोट दाखवून म्हणाली, "बस मागं. मधेच बिघडली तर तू उतरून ढकल."

तर असा मी, वाटभर सोनीबायला हवेत आवळलेल्या नटांची कबुली देत, ग्रीसच्या कपड्यांत, हातात पाना घेऊन, सख्ख्या भाचीच्या हळदीला पोचलो. शोभाने माझ्याकडे बघितलंच नाही. तिने सोनीबायचे पाय धुतले आणि स्वतःचे डोळे पुसले. मग सोनीबाय खाली बसली, कंबरेला उशी न घेता, आणि तिने असा सूर लावला की कॉम्प्लेक्सच्या गॅलऱ्या भरल्या. मला इतकं बरं वाटलं की मी एका कोपऱ्यात जाऊन जरा रडून घेतलं.

धवळ्यांत नवरीच्या नातेवाइकांची थट्टा करायची पद्धत आहे. काकाची झाली, आत्याची झाली. मग माझी पाळी आली.

मामा नवरीचा शाना गो, गाडी टांगिली आभाळा,
नट आवळिले वाऱ्यावरी, माज्या कंबरंचा खुळखुळा.

बायांनी दुसरी ओळ घोळून घोळून म्हटली. कोणीतरी मोबाईलवर घेतली. आता मुरबाडपासून वाशिंदपर्यंत गिऱ्हाईक गाडी लावतं आणि विचारतं, "मामा, आमी आत बसू का?" मी बसा म्हणतो.

पुढच्या सर्व्हिसला दामू आला तेव्हा सोनीबाय बरोबर होती. म्हणाली, कंबर आता एकदम ठीक आहे. मी हळूच विचारलं, "मग बाय, ते गाणं आता बंद करशील?"

"मी केलं असतं रे," ती म्हणाली. "पन बाया मागून घेतात."

चुकीचा आवळलेला नट ढिला करून पुन्हा आवळता येतो. धवळ्यात गेलेला मेकॅनिक बाहेर काढायचं हत्यार अजून माझ्या हाती लागलेलं नाही.