वेटिंगचा पहिला नंबर

बारावी झाली त्या वर्षी माझा इंदूरला दोन ठिकाणी नंबर लागला. एका कॉलेजात कॉम्प्युटर इंजिनिअरिंगला आणि दुसऱ्यात कॉम्प्युटर सायन्सला. ऐंशीचं दशक संपत आलं होतं आणि दोन्ही कोर्स नवे होते. देवासच्या आमच्या कॉलनीत कॉम्प्युटर पाहिलेले एकटे बाबा, तेही कारखान्यात काचेबाहेरून. आत जायचं तर बूट काढावे लागतात, हे मात्र ते फार कौतुकानं सांगत.

दोन्ही कोर्समध्ये फरक काय, हे मला धारच्या मावसबहिणीनं समजावलं. ती माझ्याहून दोन महिन्यांनी मोठी आणि गणितात कितीतरी पुढे. मे महिन्यात त्यांच्या गच्चीवर आम्ही कुरडया राखत बसलो होतो, तेव्हा ती म्हणाली, "इंजिनिअरिंगवाले मशीन बनवतात गं. सायन्सवाले सोचतात, की मशीनला काय काय येऊ शकतं आणि काय कधीच येणार नाही. मला ते शिकायचंय." कुठल्याशा हिंदी मासिकातला लेख तिनं तीन-तीनदा वाचला होता. मी "हं" म्हटलं आणि अर्धी ओली कुरडई तोंडात टाकली.

तिचं घराणं जुनं, पणजोबा दरबारात होते. काकांना, म्हणजे मावशीच्या यजमानांना, मुलीनं इंदूरला हॉस्टेलवर राहणंच पसंत नव्हतं. त्यात इंजिनिअरिंगची चार वर्षं आणि वर्कशॉपात मुलांच्या बरोबरीनं लोखंड घासणं, छे! पुष्कळ विनवण्यांनंतर ते एवढ्यावर आले: तीन वर्षांच्या कॉम्प्युटर सायन्सला याच वर्षी नंबर लागला तर जा, नाहीतर धारलाच मुलींच्या कॉलेजात बी.ए. कर. त्या कॉलेजात गणित हा विषयच नव्हता.

सायन्सच्या मुलाखतीत मला सरांनी विचारलं, इंजिनिअरिंग मिळत असताना इकडे कशाला? मी गच्चीवरचं तिचं बोलणं हिंदीत करून जसंच्या तसं ठोकून दिलं. सर खूश. ती माझ्यानंतर आत गेली. तिनंही तेच सांगितलं असणार, आणि सरांना वाटलं असणार की ही त्या आधीच्या मुलीचं ऐकून आली. मी तिला कधी विचारलं नाही. यादी लागली तेव्हा शेवटची जागा माझी होती आणि वेटिंगमध्ये पहिलं नाव तिचं. मी ते नोटीस बोर्डावर स्वतःच्या डोळ्यांनी वाचलं.

जागा सोडायला काही कष्ट नव्हते. एक अर्ज लिहून खिडकीवर द्यायचा आणि आपली मूळ गुणपत्रिका परत घ्यायची. वेटिंग एका शनिवारी बंद होणार होतं. मी इंजिनिअरिंगला जायचं त्याच्या आठ दिवस आधीच ठरवलं होतं, कारण लोक इंजिनिअर म्हणतात तेव्हा कसं भारी वाटतं, बस एवढंच. तरी अर्ज काही लिहिला नाही. सकाळी कारखान्याच्या बसच्या रांगेत बाबांना कोणी ना कोणी विचारायचंच, "क्यों भिया, छोरी का क्या हुआ?" आणि बाबा मान किंचित वर करून म्हणायचे, "दोनों तरफ नंबर लग गया है." मी खिडकीतून ऐकायचे. एक जागा सोडली की "दोनों तरफ" संपणार होतं. दुसरं काही कारण नव्हतं. आळस होता असं मी पुढे स्वतःला सांगून पाहिलं, पण तेही खोटंच.

त्या आठवड्यात गुरुवारी मावशी आणि ती आमच्याकडे आल्या. टेकडीवर देवीची ओटी भरायची होती. आई आणि मावशी पायऱ्यांवर दम खात मागे राहिल्या आणि आम्ही दोघीच पुढे गेलो. आता ही विचारणार, असं मला पायरीपायरीला वाटत होतं. विचारलं असतं तर मी त्याच दिवशी अर्ज लिहिला असता, हे अगदी खरं. पण नातेवाइकांकडे काही मागायचं नाही, असं तिच्या घरात लहानपणापासून बजावलेलं.

"तुझं फायनल झालं का गं?" एवढंच ती म्हणाली.

"नाही गं अजून. कन्फ्यूजच आहे मी."

"होईल," ती म्हणाली, आणि पदर सावरत येणाऱ्या मावशीला हात द्यायला खाली उतरली. संध्याकाळी तिनं आमचे वाळलेले कपडे घड्या घालून ठेवले, माझेसुद्धा.

मी सोमवारी गेले. खिडकीवरच्या म्हाताऱ्या बाबूंनी अर्ज वाचला आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"अब लाई हो बेटा? वेटिंग तो शनिवार को बंद हो गई. अब साल भर खाली रहेगी ये सीट." गुणपत्रिका शोधता शोधता ते पुढे बोलत राहिले, "धार की एक लड़की तीन बार आई बेचारी, किसी ने छोड़ी क्या, पूछने. शनिवार को तो खिड़की बंद होने तक बैठी रही. मैंने कहा, आखिरी सीट वाली लड़की देवास की है, पता लिख ले, जाकर पूछ ले उससे. तो बोली, घर मालूम है."

गुणपत्रिका हातात घेऊन मी बाहेर पायरीवर बसले. मला माझी लाज वाटली, इतकी की रडूसुद्धा येईना. घरी आले आणि जागा मागच्या आठवड्यातच सोडली असं आईला सांगितलं.

आईनं लगेच धारला पत्र टाकलं: हिनं तर जागा सोडली, मग आपल्या पोरीचा नंबर लागला ना? पत्र पेटीत टाकायला मीच गेले आणि टाकून आले. नंतरचे दिवस पोस्टमन दिसला की मी मोरीत जाऊन उभी राहायचे.

उत्तर तिच्याच हातचं आलं. मी हिंदी शाळेतली, मला मराठी अक्षर लावत वाचावं लागे, म्हणून आईनं नेहमीसारखं मोठ्यानं वाचलं. "मावशी, सा. न. वि. वि. बी.ए.ला नाव घातलं आहे. वेटिंगमध्ये माझा नंबर तिसरा होता. हिनं वेळेवर सोडलेली जागा पहिल्या मुलीला मिळाली. हिला हॉस्टेलवर न्यायला कुरडया पाठवते."

आईनं पत्राची घडी घातली आणि माझ्या पाठीवर हात ठेवला. "बघ," ती म्हणाली, "तू सोडलीस म्हणून कुणा पोरीचं तरी भलं झालं."