दक्षिणमुखी बाजू

खेळ मी स्वतःच बनवला होता, त्यामुळे शिव्या द्यायच्या तरी कोणाला?

लेआउटचे नकाशे काढणं हा माझा धंदा. प्लॉट, रस्ते, बगिच्याची जागा, पाण्याची टाकी. दिवसभर दुसऱ्यांच्या वस्त्या कागदावर आखायच्या आणि संध्याकाळी शहराच्या टोकाला, वाडीतल्या भाड्याच्या दोन खोल्यांत यायचं. समोर गोदामं आहेत. ट्रक मागे घेतानाची टीं-टीं दिवसभर चालते. बायकोने पांढरा कपडा वाळत घातला की दुपारपर्यंत तो धुळीने करडा होतो. नऊ वर्षांपासून तिचं एकच म्हणणं, आपलं घर पाहिजे. आणि मी काय केलं, तर दोन वर्षं खपून पुठ्ठ्याचं शहर बनवलं. "घर नाही तं नाही, आमचे हे अख्खं शहरच बांधून राहिले," असं ती शेजारणीला सांगायची.

खेळ सोपा होता. पत्त्याचं पान उचलायचं, प्लॉट घ्यायचा, त्यावर लाकडाचं घर ठेवायचं. रस्त्याच्या दोन्ही बाजू भरल्या की तिथे नळ येतो. नळ आला तरच घरांचे गुण मिळतात. शेवटपर्यंत नळच आला नाही तर सगळे हरले.

आणि दर रविवारी सगळे हरायचे! दुपारची जेवणं झाली की आई, बायको, तिचा लहान भाऊ आणि मी चटईवर बसायचो. रस्ता पूर्व-पश्चिम असला की एका बाजूची घरं उत्तरमुखी आणि समोरची दक्षिणमुखी होणारच. त्याला इलाज नाही. पण दक्षिणमुखी प्लॉटला कोणी हात लावेल तर शपथ. उत्तरमुखी घरांची रांग लागायची आणि समोर नुसतं मैदान.

"अरे, पुठ्ठा आहे हा! रस्त्याला दोन बाजू असतातच!" मी ओरडायचो.

"असन," आई शांतपणे म्हणायची. "त्या बाजूले तू घे."

मी दक्षिणमुखी प्लॉट स्वस्त केले. मग त्यांना दुप्पट गुण दिले. साळा म्हणाला, "भाऊजी, फुकट देल्ला तरी नाही घेत. कायले आफत घ्याची?" डोकं फिरलं माझं. मी खेळाच्या पाटावरचा दिशेचा बाणच खोडून टाकला. म्हटलं, आता बोला! तर आईने स्वयंपाकघराच्या खिडकीकडे पाहिलं आणि म्हणाली, "खिडकी उत्तरेले हाय आपली. म्हंजे हे प्लॉट दक्षिणमुखी." एकदा मी डाव अर्ध्यात असताना पाट फिरवून ठेवला, तर साळा भांडायला उठला. घेतला तेव्हा त्याचा प्लॉट पूर्वमुखी होता म्हणे!

खेळाची एक वही मी ठेवली होती. डाव बिघडला की त्याचं कारण लिहायचो. पानोपानी एकच वाक्य होतं: खेळणारे दक्षिणमुखी घेत नाहीत.

त्याच दिवसांत विमानतळापलीकडे, मिहानच्या बाजूला एक प्लॉट निघाला. खराखुरा. मालक निवृत्त मास्तर होते, कागद स्वच्छ, विहिरीला पाणी. प्लॉट दक्षिणमुखी, म्हणूनच आमच्या आवाक्यातला. बायको तीनदा जाऊन पाहून आली. तिसऱ्यांदा तिने चपलेच्या टोकाने मातीत स्वयंपाकघर आखलं आणि त्यात उभी राहून मला म्हणाली, "इथून ट्रक नाही ऐकू येत." मास्तरांनी आठवडाभरात सांगा म्हटलं.

मी सांगितलं नाही. "आईच्या मनात नाही," असं बायकोला म्हटलं. "दक्षिणमुखी आहे ना. थोडं थांब, तू विषय काढू नको, मीच समजावतो तिला." शनिवारी मुदत संपली. बायकोने आठवण करून दिली तर मी खेकसलो, "मास्तर कुठे पळून चाल्ले का?"

दुसऱ्या दिवशी रविवार. पुन्हा तोच डाव, तीच उत्तरमुखी रांग, समोर तेच मैदान. बायकोची पाळी आली. एरवी ती सगळ्यांचं पाहून कडेला कुठेतरी घर ठेवायची. त्या दिवशी तिने सरळ दक्षिणमुखी प्लॉटवर ठेवलं.

"काय वं, दिसत नाही का तुले?" आई म्हणाली.

"दिसते ना आई. म्हणूनच ठेवलं."

पुढच्या पाळीला दुसरं. मग तिसरं. शेवटी साळ्यानेही कुरकुरत एक ठेवलं आणि दोन वर्षांत पहिल्यांदा माझ्या शहरात नळ आला. मी चटईवरून उठून नाचलोच. "पाहा! पडलं का छत? झालं का काही? नुसत्या डोक्यातल्या गोष्टी आहेत तुमच्या!"

बायकोने माझं भाषण संपू दिलं. मग म्हणाली, "मंग लावा मास्तरले फोन."

मी आईकडे पाहिलं. म्हटलं, "आईचं काय..."

"माह्यं काय?" आई चमकली. "कोणचा मास्तर?"

बायकोने दोन वाक्यांत प्लॉटचं सांगितलं. आई माझ्याकडे बघतच राहिली. "मले कोणं विचारलं गा? खेळात दिशा पाहाले माह्यं काय जाते? खरं घर भेटत असन तं मी खिडकीतून आत जाईन!"

मला इतकी लाज वाटली, की रागच आला. खरं सांगायचं तर भीती माझीच होती. नकाशे काढताना गिऱ्हाइकांचं ऐकून ऐकून ती माझ्या डोक्यात बसली होती. आईच्या नावाखाली मी ती लपवली. उठून फोन लावला.

मास्तर भले माणूस. म्हणाले, "काल संध्याकाळपर्यंत तुमच्याच फोनची वाट पाहून राहिलो होतो. आज सकाळी टोकन घेतलं दुसऱ्याचं. तुमी काही बोललेच नाही ना."

मी फोन ठेवला. मला काही सांगावंच लागलं नाही, माझं तोंड पाहून बायकोला कळलं. भांडली असती तर बरं झालं असतं. तिने पाटावरची लाकडी घरं एकेक करून डब्यात भरली.

"हे दार कोनीकडे हाय आपलं?" तिने विचारलं.

मी दाराकडे पाहिलं. आईच्या त्या उत्तरेच्या खिडकीच्या बरोबर समोर. नऊ वर्षं आम्ही त्याच दारातून ये-जा करत होतो, आणि भाड्याच्या घराची दिशा पाहायचं मला कधी सुचलंच नव्हतं.

मग तिने वही उघडून माझ्यापुढे ठेवली, पेन हातात दिला. "आजचं लिहा," ती म्हणाली. "खेळणारे घेतात. बनवणारा घेत नाही."

मी पेन धरून बसून राहिलो. ती कपडे काढायला बाहेर गेली. दारातून तिचं कपडे झटकणं ऐकू येत होतं, आणि समोर कोणीतरी ट्रक मागे घेत होतं.

आम्ही अजून तिथेच राहतो.