उद्याची भुतं लिहिणाऱ्या विमलताई

धुळ्याहून फोन आला तेव्हा मी रेडिओ केंद्रावरच्या ड्यूटीरूममध्ये दुपारच्या प्रसारणाची गाणी लावून घेत होते. पलीकडे प्रकाशभाऊ होता, विमलताईंचा धाकटा भाऊ. "शैलाताई, आमची ताई गेली," एवढंच तो आधी म्हणाला, मग तुटक तुटक बाकीचं सांगितलं. शुक्रवारपर्यंत ताईंनी कॉलेजात मुलांची प्रॅक्टिकल्स घेतली होती. शनिवारी सकाळी चहा ठेवायला उठल्या आणि ओट्यापाशी ज्या बसल्या त्या बसल्याच. निवृत्तीला दीड वर्ष उरलं होतं... सहा मिनिटांनी मला माईक उघडायचा होता. मी स्टुडिओत गेले, फर्माईश करणाऱ्या श्रोत्यांची नावं वाचली, चोपडा, शिरपूर, चाळीसगाव अशी गावं घेतली, गाणी लावली. आवाज कुठेही हलला नाही. आमच्या कामात आवाज सांभाळणं इतकं अंगवळणी पडतं की कधी कधी आपलीच आपल्याला भीती वाटते. या गोष्टीला आता महिना होत आला. त्या दिवशी जे बोलता आलं नाही ते आज लिहून पाहते आहे.

विमलताईंची ओळख झाली ती त्यांच्या हस्ताक्षरातून, अकरा-बारा वर्षांपूर्वी. मी तेव्हा जळगावच्या रेडिओ केंद्रावर नैमित्तिक निवेदिका होते, महिन्यातून पाच-सहा दिवस बोलावणं यायचं, आणि उरलेल्या वेळात नाट्यविभागात आलेली हस्तलिखितं वाचून साहेबांना त्यांचा सारांश सांगायचं काम मी आपणहून घेतलं होतं. हुंडा, दारू, कुटुंबनियोजन, फार तर एखादं ऐतिहासिक, अशीच नाटकं यायची. एके दिवशी प्रॅक्टिकलच्या जर्नलची उरलेली पानं शिवून केलेली एक वही आली. प्रत्येक पानाची एक बाजू कोरी, एक रेघांची. लिहिणारीने कोऱ्या बाजूला संवाद आणि रेघांच्या बाजूला आवाजांच्या सूचना लिहिल्या होत्या: पाऊल कुठे वाजावं, कुठे वाजू नये, कुठे चार सेकंद काहीच नसावं. वर नाव होतं, 'उद्याची भुतं'. खाली पत्ता धुळ्याचा, हुद्दा प्रयोगशाळा सहायक, पदार्थविज्ञान विभाग.

नाटक एका जुन्या भुईकोट किल्ल्यातलं होतं. भूगर्भाचं सर्वेक्षण करायला आलेली एक बाई आणि किल्ल्याचा म्हातारा पहारेकरी, अशी दोनच माणसं. बाकी सगळे आवाज. तटामागून कुणी हाका मारतं, गावाचं म्हणणं की ही जुन्या लढाईत कापले गेलेल्या शिपायांची भुतं. बाई आपली यंत्रं लावते आणि तिच्या लक्षात येतं की इथे प्रतिध्वनी आधी ऐकू येतो आणि हाक नंतर. म्हणजे आवाज मागच्या काळातून येत नाहीत, पुढच्या काळातून येतात. तीनशे वर्षांनंतरची, पाण्यावाचून तडफडणारी आपलीच पतवंडं काळाच्या भिंतीला कान लावून विचारताहेत की या किल्ल्यात एक विहीर होती, ती नेमकी कुठे होती... मी ती वही एका बैठकीत वाचली आणि साहेबांच्या टेबलावर ठेवताना म्हटलं, सारांश सांगत नाही, तुम्हीच वाचा.

साहेबांनी ताईंना बोलावून घेतलं. धुळ्याच्या एसटीने त्या आल्या. पंचेचाळिशीच्या, खळ केलेली सुती साडी, बोटांवर तारा जोडायला डाख देताना पोळून पडलेले बारीक पांढरे डाग. बी.एस्सी. झालेल्या होत्या, पण जी जागा निघाली ती घेतली आणि त्याच प्रयोगशाळेत वीस वर्षं काढली. यंत्र बंद पडलं की प्राध्यापकही त्यांनाच हाक मारायचे, हे मला पुढे कळलं. साहेबांनी सहज विचारलं की तुम्ही स्वतः भुतंखेतं मानता का. ताई म्हणाल्या, "आमचं घर बौद्धांचं आहे, साहेब. आमच्याकडे भुतांना दार बंद. पण भूत म्हणजे होऊन गेलेलं, हे मी शाळेत शिकले. अजून व्हायचं आहे त्याला काय म्हणायचं, ते कुणी शिकवलं नाही. म्हणून लिहिलं." साहेब हसले आणि नाटक घेतलं. भविष्यातून हाका मारणाऱ्यांतल्या एका मुलीचा आवाज मी द्यायचा असंही तिथेच ठरलं.

अडचण आली ती भाषेची. भविष्यातल्या त्या मुलीचे सगळे संवाद ताईंनी अहिराणीत, आमच्या खानदेशी बोलीत लिहिले होते, सर्वेक्षणवाली बाई मात्र शुद्ध पुस्तकी बोलणारी. साहेबांना त्यात गंमत वाटत होती, त्यांनी निर्णय माझ्यावर सोडला. आणि मी नाही म्हटलं. मी म्हटलं, तीनशे वर्षांनंतरची माणसं 'आहे'ला 'शे' आणि 'सगळा'ला 'बठ्ठा' म्हणायला लागली तर लोक हसतील, भीती वाटायच्या जागी करमणूक होईल. हे मी ताईंच्या समोर म्हटलं. खरं कारण वेगळं होतं. मी एरंडोलजवळच्या खेड्यातली. कॉलेजात पहिल्यांदा बोलायला उभी राहिले तेव्हा 'आहे'च्या जागी 'शे' गेला आणि वर्ग हसला होता. नंतर दोन वर्षं मी आरशासमोर पुस्तकं मोठ्याने वाचून ती बोली जिभेवरून घासून काढली. माईकसमोर तीच परत आणायची म्हणजे मी उघडी पडले असते, असं मला वाटत होतं.

ताई वाद घालत बसल्या नाहीत. कॅन्टीनमध्ये चहा घेताना त्यांनी एवढंच विचारलं की तुझी आई घरी कशी बोलते. मी सांगितलं, आई जाऊन तीन वर्षं झाली. त्यांनी बशी खाली ठेवली आणि हळूच म्हणाल्या, "मंग सपनमा येस ती कशी बोलस?" स्वप्नात येणारी आई कशी बोलते ते मला पक्कं ठाऊक होतं. पैसे कोणी द्यायचे यावर उगाच हुज्जत घातली आणि उठले. जाताना त्या म्हणाल्या, ठीक आहे, तुला जमेल तसं कर, मी संवाद बदलून पाठवते. आणि आठ दिवसांत सगळे संवाद प्रमाण मराठीत लिहून आलेसुद्धा. त्यात कुठे राग नव्हता, की टोमणा नव्हता. मला मात्र ते वाचताना काहीतरी मेल्यासारखं वाटत होतं.

एका बाबतीत मात्र ताई अडून बसल्या होत्या. किल्ल्याचा घुमणारा आवाज स्टुडिओत माठ तोंडाशी धरून काढायचा नाही, खऱ्या किल्ल्यातच घ्यायचा. धुळे-जळगाव रस्त्यावर पारोळ्याला भुईकोट किल्ला आहे, दोघींना सारखाच सोयीचा. साहेबांनी केंद्राचा जड टेपरेकॉर्डर माझ्या खांद्याला अडकवून दिला. एका दुपारी मी जळगावहून आणि ताई धुळ्याहून, अशा दोन एसट्यांनी आम्ही पारोळ्याला उतरलो. उन्हं कडक होती. तटाच्या आत बाभळी माजलेल्या, कडेला एक बुजत आलेली विहीर. ताई टाळ्या वाजवत, कान देत, भिंतीपासूनचं अंतर पावलांनी मोजत हिंडत होत्या. शेवटी विहिरीजवळची एक जागा त्यांनी पक्की केली, टेप सुरू केली, आणि मला म्हणाल्या की तुझं वाक्य म्हण, आवाज कसा परततो ते पाहू.

मी म्हटलं, "आई, आमची विहीर कुठे आहे?" आवाज परतला खरा, पण कोरडा. ताईंनी मान हलवली, पुन्हा म्हण. पुन्हा म्हटलं. तिसऱ्यांदा म्हणताना काय झालं ते मला आजही नीट सांगता येत नाही. समोर ती बुजलेली विहीर होती, आणि हाक मारताना 'आई' शब्द तोंडात येईना. आयुष्यात मी आईला कधी 'आई' म्हटलंच नव्हतं. मी जीव तोडून ओरडले, "माय, आम्हनी हीर कोठे शे?"

आवाज तटावर जाऊन परतला. आणि तो विरल्यावर तटापलीकडून एका बाईचा आवाज आला, शांत, रोजच्या बोलण्यातला: "आठेच शे वं माय, आठेच."

आम्ही दोघी जागच्या जागी थिजलो. मग शेळ्यांच्या गळ्यातल्या घंटा ऐकू आल्या. तटाबाहेर शेळ्या चारणारी कुणी बाई होती, तिला वाटलं कुणी तहानेली वाट चुकली आहे, म्हणून विहीर इथेच आहे असं तिने सांगितलं. ताईंनी टेप बंद केली. त्यांचे डोळे भरून आले होते, पण बोलल्या त्या एवढंच की शैला, हिचा आवाज बरोबर साडेतीन सेकंदांनी आला, मी मोजले. मी तिथेच एका दगडावर बसले आणि तीन वर्षांत आईसाठी जेवढी रडले नव्हते तेवढी रडले. ताई शेजारी बसून राहिल्या, समजूत घालायला आल्या नाहीत. नंतर आम्ही तटाला वळसा घालून त्या बाईला शोधायला गेलो, पण शेळ्या घेऊन ती लांब निघून गेली होती.

एसटीची वाट पाहताना मीच म्हटलं की जुनी वही घेऊन या, मी तुमचे पहिलेच संवाद म्हणेन. ताईंनी शेवट मात्र बदलला. मूळ नाटकात सर्वेक्षणवाल्या बाईचं शेवटी दीड पानाचं भाषण होतं, पाणी आणि भविष्य यांवर. ताईंनी ते अख्खं खोडून टाकलं. माझी हाक, साडेतीन सेकंद शांतता, त्या अनोळखी बाईचं उत्तर, आणि नाटक संपलं.

एका रविवारी दुपारी ते प्रसारित झालं. पत्रं आली, नेहमीपेक्षा पुष्कळ. काही लोक हसले होते, मी म्हटलं होतं तसे. एका शिक्षकांनी अंधश्रद्धा पसरवल्याबद्दल खडसावलं होतं, नाटक पूर्ण न ऐकताच. पण भुसावळच्या रेल्वे वसाहतीतून एका गृहस्थांनी लिहिलं होतं की तीस वर्षं इथे राहून आम्ही घरात बोली बोलणं सोडलं, त्या दिवशी नाटक संपल्यावर बायको आणि मी संध्याकाळपर्यंत अहिराणीतच बोललो. ते पत्र मी ताईंना पाठवलं.

पुढचं लिहायला मला जड जातं. त्या काळी टेपा कमी पडायच्या, जुनी ध्वनिमुद्रणं पुसून त्याच टेपा पुन्हा वापरायचा रिवाज होता. दोन वर्षांनी तशी एक यादी माझ्याकडे आली. कायम ठेवायच्या नाटकांपुढे खूण करायची होती. मी तेव्हा नुकती नोकरीत कायम झाले होते, कामाच्या घाईत होते, यादीचं दुसरं पान उलटून पाहिलंच नाही. 'उद्याची भुतं' त्या पानावर होतं. कळलं तेव्हा त्या टेपेवर शेतीविषयक मुलाखत भरली गेली होती.

हे सांगायला मी मुद्दाम धुळ्याला गेले. प्रयोगशाळेत ताई एक बिघडलेला गॅल्व्हानोमीटर उघडून बसल्या होत्या. मी सांगून टाकलं, आणि स्वतःच्या समाधानासाठी वर जोडलं की आवाज ही तर ऊर्जा, ती कुठेतरी असेलच. ताईंनी चष्मा काढला. "नाही शैला. पुसलं म्हणजे पुसलं. पदार्थविज्ञानाला तुझ्या समाधानासाठी खोटं बोलायला लावू नकोस." मग थोड्या वेळाने, "तू मुद्दाम केलं नाहीस, हे मला ठाऊक आहे. चहा घेशील?" त्यांनी मला माफ केलं असं म्हणवत नाही, कारण माफी हा शब्द त्यांनी कधी मध्ये आणलाच नाही. त्यानंतर त्यांनी आणखी दोन नाटकं पाठवली. दोन्ही परत गेली, आणि ती का परत गेली हे सांगणारी पत्रं लिहिण्याचं काम माझंच होतं. आमचा लोभ त्यातूनही टिकला, दर दोन-तीन महिन्यांनी कधी त्या इकडे, कधी मी तिकडे... पण गेली दोन वर्षं मीच कमी गेले. काम होतं, असं म्हणायची सोय असतेच.

बौद्ध रीतीच्या पुण्यानुमोदन विधीच्या दिवशी धुळ्याला त्यांच्या घरी गेले. कॉलेजातल्या सरांनी चांगली भाषणं केली, शब्द जपून वापरलेली. सगळे उठून गेल्यावर ताईंच्या आई, ज्यांना घरात सगळे अक्का म्हणतात, आतल्या खोलीत एकट्या बसल्या होत्या. खिडकीपाशी ताईंचं टेबल, टेबलाशी लोखंडी खुर्ची. खुर्ची अजून अर्धी मागे सरकवलेली होती, कुणी नुकतं उठून गेल्यासारखी. अक्कांची ऐंशी उलटली आहे, दिसतं कमी. त्यांनी विचारलं, "तू कोन वं?" मी जळगावचं त्यांच्या बोलीतलं नाव घेऊन सांगितलं, जयगावनी शैला, रेडिओवाली. त्यांनी माझा हात हातात धरून ठेवला. म्हणाल्या, ताईचं नाटक लागलं त्या दिवशी त्या लग्नाला गावी गेल्या होत्या, मग ते ऐकायचं राहूनच गेलं, आणि लेकीनेही कधी सांगितलं नाही. काय होतं त्यात?

मी त्यांना सगळं नाटक सांगितलं, पहिल्या पावलापासून, त्यांच्या बोलीत. पहारेकऱ्याचे संवाद आले, बाईची यंत्रं आली, आधी येणारा प्रतिध्वनी समजावताना थोडी धांदल झाली. शेवटचं उत्तर सांगून मी थांबले, तेव्हा त्यांनी विचारलं, "मंग पानी निंघनं का?"

मी म्हटलं, माहीत नाही, अक्का. नाटक तिथेच संपतं.

"तू इचारं नई तिले?"

नव्हतं विचारलं. अकरा वर्षांत इतकं बोललो, आणि हे विचारावंसं मला एकदाही वाटलं नव्हतं... मी तसं सांगितलं. अक्कांनी मान हलवली, आणि पदराने डोळे टिपून म्हणाल्या की आता परत सांग, मघाशी पहारेकरी काय म्हणाला ते नीट ऐकू आलं नाही.

त्यानंतर दोनदा जाऊन आले. प्रकाशभाऊ दार उघडतो, चहा येतो, आणि अक्का आतल्या खोलीतून हाक मारतात. ताईंच्या खुर्चीवर अजून कुणी बसत नाही. मी अक्कांच्या जवळ जमिनीवर बसते आणि सांगायला सुरुवात करते. गेल्या रविवारी सांगताना माझ्याकडून एका पावलाच्या आवाजाची जागा चुकली, तर अक्कांनी मला थांबवलं आणि म्हणाल्या की तिथे आवाज नाही, तिथे चार अंक मोजायचे. मग आम्ही दोघींनी मिळून ते मोजले.