चाकं वर की खाली

१९९४ साली मी हवाई दलाच्या उत्तरेकडच्या एका फायटर स्टेशनवर होतो. ट्रेड एअरफ्रेम फिटर, म्हणजे विमानाच्या सांगाड्याची देखभाल; रँक कॉर्पोरल. उड्डाणापूर्वी विमानाच्या पाच सेफ्टी पिना काढायच्या, त्यांच्या लाल पट्ट्या हातात धरून पायलटला दाखवायच्या, त्याने मोजून अंगठा वर करायचा, हे रोजचं काम. एक जरी पिन लावलेली असली तरी विमान सोडायचं नाही.

फ्लाइट लेफ्टनंट वाहुळ यांनी पहिल्याच आठवड्यात विचारलं, "कॉर्पोरल, गाव?"

"हसनाबाद, सर. जिला जालना," मी हिंदीत म्हणालो.

"मंग हिंदी कशाला झाडून राह्यले? मी अंकुशनगरचा."

वाहुळ मेसमधल्या आपल्या खोलीत आमच्याच विमानाचं प्लास्टिकचं मॉडेल जोडत होते. लांबी वीतभर. रंगाची छटा जुळते का हे पाहायला ते हँगरमध्ये आणत. चाकांवरून मात्र आमचं जमलं नाही.

"चाकं आत घेणार. उडणारं विमान पाह्यजे."

"खाली ठेवा, सर. परत आल्यासारखं वाटतं."

"तुम्ही जमिनीवरचे लोक!"

चाकं डब्यातच राहिली.

एका मंगळवारी ०७१० ला त्यांनी टेकऑफ घेतला. ०७३१ ला रेडिओवर त्यांचा आवाज आला. "बर्ड हिट. इंजिन फ्लेम-आउट."

टॉवर म्हणाला, "इजेक्ट."

"ट्राइंग रीलाइट."

"इजेक्ट. इजेक्ट."

बंद पडलेलं इंजिन पुन्हा पेटलं नाही; ते विमानासोबतच गेले. चौकशीत कारण पक्षी ठरलं. देखभालीत दोष आढळला नाही. मॉडेलचा डबा सामानाबरोबर अंकुशनगरला गेला.

२००१ मध्ये सार्जंट म्हणून निवृत्त होऊन मी नवीन जालन्यात राहायला आलो. महिन्याभरात वाहुळांचे वडील, निवृत्त शिक्षक, तो डबा घेऊन दारात उभे राहिले; मुलाच्या पत्रांत त्यांनी माझं नाव वाचलं होतं.

"त्याची आई म्हणते, पोराचं काम अर्धं न्हाई ठेवायचं. एवढं पुरं करून द्या."

मी हो म्हणालो. पुरं झालं की ते त्यांच्या घरी न्यावं लागणार होतं. त्या सकाळच्या पिना कुणी काढल्या, हे तिथे कुणालाच माहीत नव्हतं.

काम चार दिवसांचं होतं. मला पाच आठवडे लागले. उजवा पंख मिलिमीटरभर झुकलेला दिसला, तो काढून पुन्हा बसवला. चंदेरी रंग तीनदा खरवडला. गोंद वाळायच्या आत हात लावून पाहायचो. चाकं एकदा आत चिकटवली आणि तासाभरात ब्लेडने सोडवली.

बायको म्हणाली, "दुरुस्त करून राह्यले का बिघडवून?"

शेवटी चाकं खालीच लावली. साहेबांचं म्हणणं मोडलं. पतंगाच्या लाल कागदाच्या पाच बारीक पट्ट्या कापल्या आणि जागच्या जागी चिकटवल्या.

अंकुशनगरला आईंनी मॉडेल मांडीवर घेतलं. "हे लाल काय हाये?"

"पिना. या लावलेल्या असल्या की विमान जात नाही."

"त्या दिवशी कुणी काढल्या व्हत्या?"

सात वर्षं या प्रश्नाचं उत्तर मी मनात जुळवत होतो. तोंडातून एकच शब्द निघाला.

"मी."

"त्यानं मोजल्या?"

"पाचही. अंगठा वर केला."

त्यांनी एकेका पट्टीवर बोट ठेवलं. पाचवीवर ते थोडं थांबलं.

"बराबर हायेत," त्या गुरुजींना म्हणाल्या. "आता कुणाला काढू देऊ नका."